डॉ. होमी भाभा : आकाशाचा शोध पाताळात

आमच्या काकती गावावरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. उत्तरेकडे पाहिले तर निपाणी, कोल्हापूर, पुणे करीत हा रस्ता मुंबईच्या दिशेने निघतो. दक्षिणेकडे वळले तर धारवाड, हुबळी, चित्रदुर्ग मागे टाकीत तो बंगळूर गाठतो, आणि तेथून पूर्वेस कोलारची वाट लागते. मुंबई आणि बंगळूर या दोन नगरांपासून आमचे गाव साधारण सारख्याच अंतरावर आहे. राणी चन्नम्मेचे जन्मगाव म्हणून काकतीचे नाव दूरवर माहीत आहे, आणि तिच्या पराक्रमाची कथा येथील प्रत्येक मूल पाळण्यापासून ऐकते. पराक्रम म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर घोडा आणि तलवार उभी राहते, ती यामुळेच.

आज मात्र आम्ही एका निराळ्या पराक्रमाची ओळख आमच्या वाचकांना करून देणार आहोत. या वीराची कर्मभूमी याच रस्त्याच्या दोन टोकांना होती. मुंबईत तो जन्मला, बंगळुरात त्याच्या कार्याचे बी रुजले, मुंबईत त्याचा वृक्ष झाला, आणि त्या वृक्षाचे एक मूळ कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोल गेले. त्या वीराचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा. भारताच्या अणुशक्तीचे जनक म्हणून त्यांना सर्व जण ओळखतात. परंतु आकाशातून येणाऱ्या अदृश्य कणांचा शोध पाताळात जाऊन घ्यावा, या कल्पनेला आपल्या देशात त्यांनीच प्रथम चालना दिली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून त्यांच्या चरित्रातील हाच धागा आम्ही विशेषकरून हाती धरला आहे.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा हे बॅरिस्टर होते. आईचे नाव मेहेरबाई. आजोबा हॉर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते. तेव्हा आजच्या कर्नाटकाशी या घराण्याचा संबंध होमीच्या जन्मापूर्वीपासूनचा आहे. होमीच्या आत्याबाई सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत्या, त्यामुळे टाटांच्या घरी त्याचे नित्य जाणेयेणे असे. तेथे देशात पोलाद कसे तयार करावे, वीज कशी निर्माण करावी, अशा मोठमोठ्या उद्योगांच्या गोष्टी वडील मंडळींच्या तोंडून त्याच्या कानांवर पडत.

घरात ग्रंथांचा मोठा संग्रह होता आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकाही होत्या. मुलाला चित्रकलेचे शिक्षण मिळाले, झाडाफुलांची आवड लागली आणि विज्ञानाची गोडी तर लहानपणीच जडली. कॅथेड्रल शाळेत शिकत असता, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, त्याने आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद समजून घेण्याचा यत्न केला होता. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे काही काळ शिकून १९२७ साली तो केंब्रिजला गेला.

येथेच त्यांच्या आयुष्यातील पहिली कसोटी उभी राहिली. वडिलांची व टाटा कुटुंबाची इच्छा अशी की, होमीने यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परत यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू व्हावे. मानाची नोकरी आणि सुखाचे आयुष्य समोर तयार होते. परंतु केंब्रिजच्या वातावरणात त्या तरुणाचे मन पदार्थविज्ञानाने पुरते भारून गेले. त्यांनी वडिलांना पत्र लिहून आपले मन मोकळे केले आणि आपला जन्म पदार्थविज्ञानासाठीच आहे, कारखान्याच्या कामात आपले चित्त रमणार नाही, असे नम्रपणे परंतु निःसंदिग्धपणे कळवले. वडील सुज्ञ होते. त्यांनी रागावून नकार दिला नाही, की मुलाच्या हट्टापुढे मानही तुकवली नाही. आधी यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणिताच्या अभ्यासाचा खर्च मी करीन, अशी अट त्यांनी घातली. मुलाने १९३० साली ती अट पूर्ण केली आणि १९३२ साली गणिताची परीक्षाही पहिल्याच वर्गात पार पाडली. आमच्यापैकी अनेकांच्या घरी पुढील शिक्षणाविषयी वडीलधाऱ्यांशी मतभेद होतात. अशा वेळी या पितापुत्रांनी कोणता मार्ग काढला, हे आम्हांला लक्षात ठेवण्याजोगे वाटते. ज्याला स्वतःची वाट हवी, त्याने आधी दिलेले काम चोख करून दाखवले.

त्या काळी पदार्थविज्ञानात विश्वकिरणांचे मोठे कुतूहल होते. १९१२ साली व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञाने फुग्यातून उंच आकाशात जाऊन असे दाखवून दिले होते की, पृथ्वीवर बाहेरील अवकाशातून कसलेतरी भेदक किरण अखंड येत असतात. हे किरण म्हणजे वस्तुतः अतिशय वेगवान कण होत. त्यांच्यापासून हवेत निर्माण झालेले कण आपल्या तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला साधारण एक या प्रमाणात पार जातात. हे वाक्य वाचीत असतानाच वाचकांच्या हातातून कित्येक कण निघून गेलेले असतील.

भाभांनी आपले पहिले संशोधन याच विषयावर १९३३ साली प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर १९३७ साली वॉल्टर हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. वेगवान विद्युत्कण हवेत शिरला की अणूंजवळून जाताना तो प्रखर किरण सोडतो. त्या किरणापासून दोन नवे कण जन्मतात. ते पुन्हा किरण सोडतात. एका दाण्याचे कणीस आणि एका कणसातून पुढे सारे शेत व्हावे, त्याप्रमाणे एका कणापासून क्षणार्धात हजारो कणांची सर कोसळते. विश्वकिरणांच्या या सरींचे गणित भाभा आणि हाइटलर यांनी प्रथम नीट मांडले.

परंतु या गणितानेच एक नवे कोडेही पुढे आणले. अशी सर थोड्याशा जाड शिशाच्या भिंतीत विरून जावयास हवी. प्रत्यक्षात मात्र विश्वकिरणांचा काही भाग जाडजूड शिशातूनही सहज आरपार जात होता. हे साधे विद्युत्कण नसून त्यांच्याहून जड असे निराळेच कण असले पाहिजेत, हे भाभांनी ओळखले. याच भेदक कणांना आज म्यूऑन म्हणतात. जो कण शिसे भेदतो, तो जमिनीत किती खोल जाईल? हा प्रश्न त्या गणितातून आपोआप निघत होता. परंतु त्याचे उत्तर कागदावर मिळण्यासारखे नव्हते. कोणीतरी जमिनीच्या पोटात उतरून मोजावयास हवे होते.

१९३९ साली डॉ. भाभा सुट्टीसाठी मायदेशी आले. सप्टेंबरात दुसरे महायुद्ध भडकले आणि परतीचा मार्ग बंद झाला. केंब्रिजसारखे विद्यापीठ, तेथील सोबती आणि तेथील साधने सारे दुरावले. दुसरा एखादा निराश होऊन युद्ध संपण्याची वाट पाहत बसला असता. भाभा बंगळुरास गेले आणि भारतीय विज्ञान संस्थेत, जेथे सर सी. व्ही. रामन होते, तेथे त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचा एक छोटा विभाग सुरू केला. १९४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. त्या वेळी ते अवघे एकतीस वर्षांचे होते.

युद्ध संपत आले तोवर त्यांच्या मनात एक परिवर्तन घडून आले होते. परदेशात मानाची जागा मिळणे कठीण नव्हते. परंतु आपल्या देशात चांगल्या संशोधनाला जागा नसेल, तर ती जागा निर्माण करणे हेच आपले कर्तव्य होय, असे त्यांना वाटू लागले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी एका संस्थेची योजना मांडली. पुढेमागे अणूपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी आपल्या देशाला परक्यांकडे पाहावे लागू नये, हा विचार त्यांनी त्या पत्रात बोलून दाखवला होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा वर्षाहून अधिक अवधी होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येते.

अशा रीतीने १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस पेडर रोडवरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात आली. हा बंगला त्यांच्या नातेवाइकांचा होता आणि त्याच्या काही भागातच संस्थेचा सारा संसार मांडलेला होता. आज कुलाब्याच्या समुद्रतीरी उभी असलेली भव्य वास्तू १९६२ सालच्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते खुली झाली. परंतु तिचा आरंभ असा घरगुती होता.

आता आम्ही कोलारकडे वळतो. कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातील अतिशय खोल खाणींपैकी होत्या. १८८० पासून तेथे इंग्रज कंपनीने पद्धतशीर खोदकाम चालवले होते, आणि सोन्याच्या शिरेमागे जाता जाता त्या खाणी तीन किलोमीटरांहून अधिक खोल पोहोचल्या होत्या. खाली उकाडा असह्य असे आणि दाबाने खडक अकस्मात फुटण्याचे भय नित्याचेच. कानडी, तमिळ, तेलुगु बोलणाऱ्या हजारो कामगारांनी प्राण संकटात घालून हे खोल मार्ग खोदले होते. ते सोन्यासाठी खोदले गेले. पुढे विज्ञानाला त्यांचा असा उपयोग होईल, हे खोदणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. या कामगारांचे ऋण मान्य केल्यावाचून पुढची कथा सांगणे आम्हांला अनुचित वाटते.

१९५१ च्या सुमारास भाभांनी संस्थेतील बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला या खाणीत विश्वकिरण मोजण्याच्या कामावर पाठवले. श्रीकांतन हे म्हैसूरकडचे. यंत्रे जुळवण्यात त्यांचा हात चांगला होता. जमिनीखाली निरनिराळ्या पातळ्यांवर यंत्र ठेवावयाचे, दिवसेंदिवस म्यूऑन मोजावयाचे आणि खोलीबरोबर त्यांची संख्या कशी घटते ते पाहावयाचे, असे ते काम होते. पहिल्या खेपेची मोजणी सुमारे तीनशे मीटरांपर्यंत झाली. त्यातून मिळालेल्या आकड्यांवर श्रीकांतन यांचा डॉक्टरेटचा प्रबंध तयार झाला.

दहा वर्षांनी, १९६०-६१ मध्ये, हे काम अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा हाती घेण्यात आले. आता यंत्र टप्प्याटप्प्याने खाली नेऊन थेट २७६० मीटर खोलीपर्यंत चाचणी घ्यावयाची होती. जपानमधील ओसाका शहरातून आलेले साबुरो मियाके, आणि टाटा संस्थेचे रमणमूर्ती व नरसिंहम् या कामात होते. प्रत्येक पातळीवर म्यूऑनांची संख्या कमी कमी होत गेली. वरती क्षणोक्षणी येणारे कण खाली तासांनी आणि मग दिवसांनी येऊ लागले. अखेर सर्वांत खालच्या पातळीवर यंत्र ठेवून त्यांनी वाट पाहिली. एक आठवडा गेला, महिना गेला, दोन महिने गेले. यंत्राने एकही कण नोंदवला नाही.

सर्वसाधारण मनुष्य म्हणेल की, एवढा खटाटोप व्यर्थ गेला. हेच यंत्र वरच्या पातळ्यांवर कण मोजीत आले होते, तेव्हा ते बिघडले असे म्हणण्यास आधार नव्हता. शून्य हेच खरे उत्तर होते. आणि याच शून्याने एक नवे दार उघडले.

ते दार कोणते, हे समजण्यासाठी न्यूट्रिनो नावाच्या कणाची ओळख करून घेतली पाहिजे. १९३० साली वुल्फगांग पाउली या शास्त्रज्ञाने हिशेबातील तूट भरून काढण्यासाठी या कणाची कल्पना केली. त्याला विद्युद्भार नाही, वजन असलेच तर नगण्य. त्यामुळे तो सहसा कशालाच अडत नाही. सूर्यापासून निघालेले सुमारे ६५०० कोटी न्यूट्रिनो आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला जातात आणि सारी पृथ्वी भेदून पलीकडे निघून जातात. १९५६ साली फ्रेडरिक राइनस व क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ त्याचे अस्तित्व सिद्ध केले. तो मनुष्याने चालवलेल्या भट्टीतील न्यूट्रिनो होता. विश्वकिरण हवेवर आदळून जे न्यूट्रिनो निसर्गतः उत्पन्न होतात, ते तोवर कोणाच्याही हाती लागले नव्हते.

त्यांना पकडावयाचे कसे? अब्जावधींतील एखादा न्यूट्रिनो खडकातील अणुगर्भावर आदळलाच, तर त्यातून एक म्यूऑन उडतो आणि तो यंत्राला दिसू शकतो. अडचण एवढीच की, जमिनीवर आकाशातून येणाऱ्या म्यूऑनांची एवढी गर्दी असते की त्यात हा एकटा म्यूऑन ओळखणे अशक्य. जत्रेच्या गलबल्यात दूरच्या बासरीचा सूर ऐकू येत नाही, तसेच हे. तो ऐकावयाचा तर गलबला थांबला पाहिजे. कोलारच्या त्या दोन महिन्यांच्या शून्याने सांगितले की गलबला येथे थांबला आहे.

तेव्हा खाणीत सुमारे २३०० मीटर खोलीवर न्यूट्रिनोसाठी यंत्र उभारण्याचे ठरले. टाटा संस्था, ओसाका नगर विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी हे काम मिळून केले. मेनन, श्रीकांतन, रमणमूर्ती, नरसिंहम् व आचार हे भारतीय; मियाके व हिनोतानी हे जपानी; वुल्फेंडेल व त्यांचे सहकारी इंग्रज. ज्या तीन देशांचे सैनिक वीस वर्षांपूर्वी रणांगणावर होते, त्या तीन देशांचे शास्त्रज्ञ आता एका पाळण्यातून खाणीत उतरत होते.

यंत्राची मांडणी मोठी विचारपूर्वक केलेली होती. कण गेला असता चमक देणाऱ्या विशिष्ट प्लॅस्टिकच्या दोन भिंती समोरासमोर उभ्या केल्या होत्या. त्यांच्यामध्ये शिशाचे पडदे होते आणि कणाच्या मार्गावर उजळून त्याची वाट दाखवणाऱ्या निऑनच्या नळ्यांच्या रांगा होत्या. भिंती आडव्या न ठेवता उभ्या ठेवण्याचे कारण असे की, आकाशातून उरलासुरला म्यूऑन आलाच तर तो बहुधा वरून सरळ खाली येणार. बाजूने यावयाचे तर त्याला कित्येक किलोमीटर जादा खडक भेदावा लागेल, आणि ते त्याला शक्य नाही. म्हणून जो कण आडवा येईल तो न्यूट्रिनोपासूनच जन्मलेला, असे निश्चयाने म्हणता येते.

१९६४ च्या अखेरीस यंत्रे चालू झाली आणि १९६५ च्या पूर्वार्धात निऑनच्या नळ्यांनी त्या आडव्या वाटा दाखवल्या. नोंदी अगदी मोजक्या होत्या. परंतु तेवढ्या पुरेशा होत्या. त्याच सुमारास राइनस व त्यांचे सहकारी दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत हाच शोध घेत होते. त्यांची पहिली नोंद फेब्रुवारी १९६५ मधील आहे. कोलारच्या गटाचा निबंध ऑगस्ट १९६५ मध्ये त्यांच्या आधी सुमारे दोन आठवडे छापून आला. अमुक पहिला की तमुक, हा वाद आम्ही घालू इच्छीत नाही. दोघांनीही निसर्गातील न्यूट्रिनो प्रथम पाहिला, आणि त्या दोघांत एक गट आपल्या भूमीवरचा होता, एवढे सत्य आम्हांला पुरे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या निबंधावर डॉ. भाभांचे नाव नाही. १९४८ पासून अणुशक्ती आयोगाची धुरा त्यांच्या खांद्यावर होती. तुर्भे येथे अणुसंशोधनाचे केंद्र उभे राहिले होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातील पहिल्यावहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली होती. १९५५ साली जिनीव्हा येथे अणूच्या शांततामय उपयोगांविषयी भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे ते अध्यक्ष झाले होते. स्वतः खाणीत बसून कण मोजण्यास त्यांना सवड कोठली? परंतु योग्य प्रश्न ओळखणे, त्यासाठी योग्य तरुण निवडणे, त्याला पैसा, वेळ आणि विश्वास देणे, व पुढे यश आले असता श्रेय ज्याचे त्याला घेऊ देणे, हे काम त्यांनी केले. बीज पेरणारा हात आणि कापणी करणारा हात एकच असला पाहिजे असे नाही, हे आमच्या शेतकरी वाचकांना सांगावयास नको. दोन महिने शून्य मोजणाऱ्या माणसांना जो संस्थाप्रमुख हिशेब विचारून परत बोलावीत नाही, त्याच्याच संस्थेत असे शोध लागतात.

डॉ. भाभांचे व्यक्तिमत्त्व नुसत्या विज्ञानात मावणारे नव्हते. ते स्वतः चित्रे काढीत. टाटा संस्थेच्या भिंतींवर त्यांनी भारतीय चित्रकारांची उत्तमोत्तम चित्रे जमवून लावली. पाश्चात्त्य संगीतावर त्यांचे अतिशय प्रेम होते. वृक्षांविषयी तर त्यांना एवढी माया होती की, इमारतीच्या वाटेत झाड आले तर ते तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. त्यांनी विवाह केला नाही. आपले आयुष्य त्यांनी संस्थांना आणि त्यांतील माणसांना वाहिले.

नियतीने मात्र त्यांना फार थोडे आयुष्य दिले. कोलारचा निबंध छापून येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. ११ जानेवारी १९६६ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे ताश्कंदमध्ये निधन झाले आणि देश त्या दुःखात होता. २४ जानेवारीस व्हिएन्नाकडे निघालेले डॉ. भाभा ज्या विमानात होते, ते एअर इंडियाचे कांचनजंगा विमान आल्प्सच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील ११७ माणसांपैकी कोणीही वाचले नाही. भाभा त्या वेळी छप्पन वर्षांचे होते. ज्याने आकाशातून येणाऱ्या किरणांचा आयुष्यभर माग घेतला, त्याला बर्फाच्छादित शिखरावर आकाशातच मृत्यू यावा, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते. पुढल्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. टाटा संस्थेची धुरा मेनन यांच्याकडे आली, पुढे श्रीकांतन हेही संस्थेचे संचालक झाले, आणि कोलारमधील प्रयोग आणखी पाव शतक चालत राहिले. २००१ साली सोन्याच्या खाणी बंद झाल्या आणि त्या खोल मार्गांत पाणी भरले.

खाणी बंद झाल्या, परंतु कल्पना बंद झाली नाही. न्यूट्रिनो पकडण्यास खाणीही अपुऱ्या पडतील, तेव्हा समुद्रच यंत्र म्हणून वापरावा, असे रशियातील मार्कोव्ह या शास्त्रज्ञाने १९६० सालीच सुचवले होते. न्यूट्रिनोपासून जन्मलेला म्यूऑन पाण्यातून धावताना निळसर प्रकाश देतो; खोल अंधारात काचेच्या गोळ्यांत प्रकाशग्राहक बसवून ते सोडले, तर तो प्रकाश टिपता येईल आणि वरचे पाणी खडकाप्रमाणे ढाल बनेल. १९८७ साली हवाई बेटांजवळ अशा सात गोळ्यांची एक नमुना-माळ जहाजावरून खोल समुद्रात सोडण्यात आली. तिची चाचणी कशी घेतली? दोन किलोमीटरांपासून चार किलोमीटरांपर्यंत टप्प्याटप्प्याने खाली नेऊन प्रत्येक खोलीवर म्यूऑन मोजले. कोलारच्या खाणीत पंचवीस वर्षांपूर्वी केलेले तेच काम, केवळ खडकाच्या जागी पाणी.

ती चाचणी यशस्वी झाली. परंतु १९९३ साली पहिली पूर्ण माळ समुद्रतळाशी बसवल्यावर लवकरच तिच्यात पाणी शिरले आणि ती मुकी झाली. पुढे तो सारा प्रकल्पच सोडून द्यावा लागला. तथापि इतरांनी त्या अपयशापासून धडा घेतला. रशियातील बैकाल सरोवरात, हिवाळ्यात पाणी गोठले की बर्फावर उभे राहून माळा खाली सोडण्यात आल्या. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ भूमध्य समुद्रात २००८ साली एक यंत्र पूर्ण झाले. आणि १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिली बेटाजवळ साडेतीन किलोमीटर खोल समुद्रात, अजून बांधकाम चालू असलेल्या यंत्राने, तोवर पाहिलेल्या सर्व न्यूट्रिनोंहून बलवान अशा न्यूट्रिनोची खूण टिपली. ही वार्ता २०२५ साली जाहीर झाली. त्या खुणेतील म्यूऑन जवळजवळ आडवा आला होता. कोलारमध्ये उभ्या भिंती करून ज्या आडव्या कणाची वाट पाहिली, त्याच्याच जातीचा हा होता.

आमच्या भागात विहीर खणताना आधी तांबडी माती लागते, मग जांभा लागतो, मग कठीण कातळ. पाणी लागेपर्यंत खणणाऱ्याला पदरी काहीच पडत नाही. रोज संध्याकाळी तो रिकामी घागर घेऊन वर येतो. त्याने तिसऱ्या दिवशी काम सोडले, तर गावाने त्याला दोष देऊ नये; परंतु त्याने काम सोडू नये म्हणून त्याच्या घरची चूल पेटती ठेवणाराही कोणी गावात असावा लागतो. श्रीकांतन आणि त्यांचे सोबती हे ते खणणारे होते, आणि डॉ. भाभा हे तो दुसरा मनुष्य होते.

पुढल्या वेळी महामार्गाच्या कडेला एसटीची वाट पाहत उभे असताना आमच्या बालवाचकांनी आपला तळहात क्षणभर पसरून पाहावा. त्यातून दर सेकंदाला एक कण निघून जात असेल. तो पायाखालच्या जमिनीत शिरेल आणि कोठेतरी थांबेल. तो कोठे थांबतो, हे मोजण्यासाठी एका माणसाने दुसऱ्याला याच प्रांतातील एका खाणीत पाठवले आणि शून्य घेऊन वर आला तरी त्याच्यावरील विश्वास ढळू दिला नाही, एवढे त्यांनी आठवले तरी हे चरित्र सांगण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.